बारा सुया माझ्याकडे वळल्या

मी एक जुना अंगरखा आहे. माणसाचा नव्हे, फोनचा. दुकानात मला सरळ 'कव्हर' म्हणत. अंगरखा म्हटलं की जरा खानदानी वाटतं, म्हणून ही माझी आपली हौस. मित्रांनो, जुन्या वस्तू गोष्ट सांगायला बसल्या की माणसांनी आपल्याला कसं राबवलं आणि मग कसं अडगळीत टाकलं, याचं गाऱ्हाणं गातात. माझं कुणाविरुद्ध गाऱ्हाणं नाही. मला कबुली द्यायची आहे. एका माणसाचा पाय माझ्यामुळे कायमचा अधू झाला, आणि त्याच्या बहिणीनं तो दोष दीड वर्ष स्वतःच्या माथ्यावर वागवला. मला तोंड नव्हतं म्हणून मी गप्प बसलो, असं सांगून मला सुटता येत नाही.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. काळं रबर वितळवून साच्यात ओतलं, त्यावर कडक कवच दाबलं आणि चारही कोपऱ्यांना उशीसारखे फुगवटे आले. पुढे एक झाकण होतं. हातमोजे घातलेल्या एका बाईनं त्या झाकणाच्या कडेत एक चपटं चुंबक बसवलं आणि वरून शिवण मारली. झाकण लावलं की टक्‌ असा आवाज करत ते घट्ट बसे. मग एका माणसानं आम्हा भावंडांना शिडीवरून फरशीवर आपटून पाहिलं. मी उशी घेऊन उडी मारल्यासारखा पडलो, उठलो. "हा पास," तो म्हणाला. त्या एका शब्दानं माझी छाती जी फुगली, ती पुढे फार दिवस फुगलेलीच होती.

मला निवडायला आले ते बहीण-भाऊ. बहीण मोजणी खात्यात होती. जमिनीच्या हद्दी मोजून नकाशे करणं हे तिचं काम. भाऊ बसचालक. तो तिला 'ताई' म्हणे, ती त्याला 'धाकट्या'. धाकटा पन्नाशीला टेकला होता, पण ताईच्या लेखी तो अजून बूट उलटे घालणाराच होता. दोघांनी लहानपणीच ठरवलं होतं की एकदा ती बावीस दिवसांची डोंगरवाट पायी चालायची. ठरवून चाळीस वर्षं झाली. आता कुठं धाकट्याला सलग रजा मिळाली होती.

दुकानात ताईनं टेबलावर सहा कव्हरं ओळीनं मांडली आणि जबानी घेतल्यासारखे प्रश्न सुरू केले. हातमोजे घालून धरलं तर निसटेल का? चार्जिंगच्या भोकात पाणी शिरेल का? दोरी ओवायला जागा आहे का? गवतात पडलं तर रंग दिसेल का? शेवटी तिनं एक पातळ नारिंगी कव्हर उचललं. "हे घेऊ. हलकं आहे. बावीस दिवस पाठीवर वाहायचंय."

"अगं, हे काय कव्हर आहे? कांद्याची साल आहे," धाकटा म्हणाला आणि त्यानं मला उचललं. "हे बघ. रणगाडा आहे रणगाडा. तुझ्या हातातून वस्तू किती पडतात, मला विचार."

"माझ्या हातातून?"

"लग्नातला केक कुणी पाडला?"

ताईला हसू आवरेना. दुकानदारानं मला डोक्याच्या उंचीवरून खाली सोडून दाखवलं. "काही होत नाही बघा. आणि झाकणाला चुंबक आहे. कितीही पाऊस-वारा असू दे, आपोआप उघडणार नाही."

चुंबक. तो स्पष्ट म्हणाला. ताई शेजारीच उभी होती, पण तिचं लक्ष मला तळहातावर तोलण्यात होतं. "जड आहे रे," ती म्हणाली. धाकटा हट्टालाच पेटला. "माझ्याकडून भेट. वाटेत फोनला काही झालं तर आपल्याला शोधायला कोण येणार?" भावानं प्रेमानं दिलेल्या वस्तूला नाही कसं म्हणायचं? तिनं मला घेतलं. मी त्या पातळ नारिंगी कव्हराकडे बघून नाक मुरडलं. ते आठवलं की आज मलाच माझी लाज वाटते.

ताईची एक रीत होती. कुठलंही उपकरण ताडून पाहिल्याशिवाय ती वापरत नसे. आदल्याच दिवशी गच्चीवर तिनं आपलं जुनं पितळी होकायंत्र आणि फोन दोन्ही मांडून दिशा जुळवून पाहिल्या होत्या. दोन्हींची उत्तर दिशा एकच आली. "फोनचं होकायंत्र चोख आहे," तिनं वहीत लिहून ठेवलं होतं. मित्रांनो, तेव्हा फोन उघडा होता. मी त्याच्या अंगावर चढलो तो दुसऱ्या दिवशी.

मग सामान भरायची वेळ आली. ताईनं स्वयंपाकघरातला वजनकाटा टेबलावर आणला. दर वस्तू काट्यावर ठेवायची आणि कागदावर आकडा मांडायचा. टूथब्रशचं दांडकंसुद्धा तिनं अर्धं कापलं. माझी पाळी आली. एकशे तीस ग्रॅम. ताईनं कपाळाला हात लावला. "तुझ्या या रणगाड्यानं घोळ केला. आता एवढ्याच वजनाचं काहीतरी काढायला हवं."

तिनं पुष्कळ उलटापालट केली. औषधं काढवेनात, मोजे काढवेनात. शेवटी तिचा हात पितळी होकायंत्रावर गेला. एकशे वीस ग्रॅम. "हे कशाला हवं? फोनमध्ये आहेच की," ती म्हणाली आणि तिनं ते फडताळात ठेवून दिलं. तीस वर्षं तिच्याबरोबर रानोमाळ हिंडलेलं ते होकायंत्र घरी राहिलं आणि त्याची जागा मी खाल्ली. मला त्या वेळी काय वाटलं, सांगू? मला वाटलं, जिंकलो.

पहिले पाच दिवस सुखाचे गेले. वाटेवर जागोजागी दगडांना पांढरे पट्टे मारलेले होते. होकायंत्राची गरजच पडली नाही. मी दोनदा पडलो, एकदा ओढ्यात बुचकळलो, आणि फोन आतून कोरडा ठणठणीत. रात्री मुक्कामाला इतर वाटसरू मला हातात घेऊन बघत. धाकटा अभिमानानं सांगे, "माझी निवड आहे."

सहाव्या दिवशी सकाळी धुकं उतरलं. उंचावरचं उघडं पठार, सगळीकडे सारखंच गवत, आणि दहा पावलांपलीकडे काही दिसेना. पांढरे पट्टे कुठले दिसायला! दगडांच्या एका मोठ्या राशीपाशी दोघं थांबली. ताईजवळ कागदी नकाशा होता. फोनचा नकाशा रेंजशिवाय कोरा पडला होता, पण ताईला त्याची फिकीर नव्हती. राशीपासून सरळ उत्तरेला चालायचं, तासाभरात खिंडीतला निवारा. इतकं साधं काम.

तिनं आपल्या खात्यातल्या शिस्तीनं काम केलं. किल्ल्या काढल्या, चाकू काढला, स्टीलची बाटली काढली, सगळं धाकट्याच्या हातात दिलं. "जा, वीस पावलं लांब उभा राहा. लोखंड जवळ असलं की सुई बहकते."

"माझ्यात कुठं लोखंड आहे?"

"तुझ्या डोक्यात आहे. जा."

धाकटा हसत लांब गेला. ताईनं माझं झाकण उघडलं आणि पाठीमागे दुमडून मला तळहातावर आडवं धरलं. झाकणाची कड फोनच्या पाठीला चिकटली. चुंबक नेमकं फोनच्या सुईखाली आलं. पडद्यावर सूचना आली की फोन हवेत फिरवून घ्या. तिनं फिरवला. सूचना गेली. मग सुई स्थिर झाली, अगदी शांत, अगदी खात्रीनं, आणि ती साफ खोटी होती. तिनं लोखंड वीस पावलांवर पाठवलं होतं, आणि चुंबक तिच्याच मुठीत होतं.

मला ठाऊक होतं का, असं तुम्ही विचाराल. फोनच्या आत काहीतरी माझ्याकडे ओढलं जातंय, एवढं मला जाणवत होतं. मला ते आवडलं, मित्रांनो. मला वाटलं, आत बसलेल्यालासुद्धा माझा लळा लागला आहे.

दोघं चालू लागली. थोड्या वेळानं धाकटा म्हणाला, "ताई, सकाळपासून वारा उजव्या गालावर होता. आता पाठीत बसतोय."

"वारा फिरतो. उत्तर फिरत नाही."

"तरी पण, एकदा परत..."

"धाकट्या, तू बस चालव. दिशा माझ्यावर सोड."

ते वाक्य ताईनं पुढे किती वेळा मनात उगाळलं, ते मी पाहिलं आहे. तासाभरानं गवत संपलं आणि सुट्या दगडांची उतरण लागली. निवारा नव्हता. ताई थबकली आणि "मागे फिरू" असं म्हणाली, आणि तेवढ्यात धाकट्याच्या पायाखालचा एक ट्रंकेएवढा दगड सुटला. त्याचा उजवा पाय घोट्याशी दगडाखाली गेला. तो ओरडला नाही. फक्त "ताई" म्हणाला. ताई धावली, मी तिच्या हातातून निसटलो आणि दगडांवरून आपटत आपटत खाली गेलो. धाकट्याचा फोन त्याच्या खिशातच चुरा झाला होता. आमच्या फोनवर ओरखडासुद्धा नव्हता.

पुढचं थोडक्यात सांगतो, कारण मला ते सांगवत नाही. ताईनं दगड हलवला, पाय ओढणीनं बांधला, मला दगडांतून उचललं, आणि रेंज मिळवायला त्याला तिथं एकट्याला सोडून चढण चढली. दुपारी धुकं विरलं. बचाव पथक आलं, त्यांनी धाकट्याला डोलीत घेतलं. पथकाच्या म्होरक्यानं मला उलटसुलट करून पाहिलं. "कव्हर जबरदस्त आहे हो. फोन वाचला म्हणून तुम्ही वाचलात." मग त्यानं पलीकडच्या डोंगराकडे बोट केलं. निवाऱ्याचं छप्पर उन्हात चमकत होतं. "पण तुम्ही इकडे कशा आलात? निवारा त्या अंगाला."

ताई त्या छपराकडे बघतच राहिली. "माझं चुकलं," ती म्हणाली.

ते खोटं होतं. आणि माझी स्तुती झाली होती. एवढी खरी स्तुती आणि एवढा खोटा दोष एकाच दमात ऐकण्याची वेळ कुणावर येऊ नये.

धाकट्याच्या घोट्यात धातूची पट्टी आणि सात स्क्रू बसवले. शुद्धीवर आल्यावर तो म्हणाला, "ताई, आता मात्र माझ्यात खरंच लोखंड आहे. चाळीस पावलं लांब राहा." ताई हसली नाही. डॉक्टर म्हणाले, चालता येईल, लंगडत. पण बसचा ब्रेक दाबण्याएवढा जोर त्या पायात पुन्हा येणार नाही. डेपोनं त्याला खिडकीवर बसवलं. प्रवासी बसमध्ये विसरलेल्या वस्तू त्या खिडकीवर जमा होतात. छत्र्या, हातमोजे, डबे, एकदा तर दातांची कवळी. बाहेर बसगाड्या सुटायच्या तेव्हा धाकट्याचा उजवा पाय टेबलाखाली आपसूक दाबला जायचा. ते कुणाला दिसत नसे. मला कळे, कारण मी त्याच्या टेबलावरच असे आणि टेबल हलकेच हादरे. ताईनं आपला फोन त्याला देऊन टाकला होता, माझ्यासकट. "मला तो नजरेसमोर नको," ती म्हणाली होती.

ताई रोज दुपारी एक वाजता डबा घेऊन येई. डबा उघडून देई आणि जाताना न चुकता म्हणे, "मी तुझं ऐकायला हवं होतं." धाकटा म्हणे, "जाऊ दे गं ताई." तिचं कामावरचं मन उडालं होतं. साध्या जमिनीची हद्द ती चार-चारदा मोजी आणि तरीही सही दुसऱ्याकडून घेई. जिच्या एका शब्दावर भांडणं मिटत, तिला आता आपल्याच डोळ्यांचा भरवसा उरला नव्हता.

दीड वर्ष असं गेलं. मग एके सकाळी एका वाहकानं खिडकीवर लाकडी पेटी आणून ठेवली. मागच्या बाकाखाली सापडली होती. धाकट्यानं वस्तू नोंदवायला झाकण उघडलं. आत शाळेतल्या मुलांसाठीची छोटी होकायंत्रं होती. दोन ओळी, एका ओळीत सहा. त्यानं "होकायंत्रं, नग बारा" असं लिहिलं आणि फोन वाजला, तेव्हा कोणाचा ते बघायला मला पेटीशेजारी ओढलं.

बाराच्या बारा सुया थरथरल्या आणि माझ्याकडे वळल्या.

शाळेत चोरी झाल्यावर सगळा वर्ग एका मुलाकडे बोट दाखवतो ना, तसं झालं. धाकट्यानं फोन उचलला नाही. तो वाजून वाजून बंद झाला. त्यानं मला हळूच लांब नेलं. सुया परतल्या. जवळ आणलं. वळल्या. मग त्यानं मला फोनवरून सोलून काढलं आणि नुसता फोन पेटीजवळ धरला. सुया जेमतेम हलल्या. नुसतं मला धरलं. बाराही सुया माझ्याकडे. त्यानं माझ्या झाकणाच्या कडेवरून अंगठा फिरवला, शिवणीखालची ती चपटी वस्तू चाचपली, आणि त्याचा चेहरा पांढराफटक पडला.

मला वाटलं, आता सुटलो. आता हा ताईला सांगेल. एक वाजता ताई आली, डबा उघडला, "मी तुझं ऐकायला हवं होतं" म्हणाली. धाकट्याचे ओठ हलले. "जाऊ दे गं ताई," तो म्हणाला. मी खणात हातमोज्यांखाली पडलो होतो.

का नाही सांगितलं? त्याचं मन त्याला किती खात होतं, हे मी जवळून पाहिलं आहे. मला त्यानं निवडलं होतं. सांगितलं तर ताई मोकळी होणार आणि गुन्हेगार तो होणार. शिवाय आणखी एक गोष्ट होती, आणि ती त्यानं स्वतःशीसुद्धा धड कबूल केली नसेल. रोज कुणीतरी आपली माफी मागतंय, आपल्यासाठी डबा आणतंय, याची त्याला सवय झाली होती. पाय गेला होता, पण दोष आपला नाही, एवढा एक दिलासा त्याच्याकडे होता. तो कसा सोडायचा? अकरा दिवस तो डब्यातले दोन घास खाई आणि उरलेलं ताईच्या पाठीमागे मांजराला घाली. खणात मी आणि खुर्चीवर तो, दोघं एकाच गुन्ह्यातले.

बाराव्या दिवशी ताईनं डब्याबरोबर एक कागद टेबलावर ठेवला. "बघ, भाषा नीट आहे का. उद्या साहेबांना देणार आहे."

तो राजीनामा होता. धाकट्यानं वाचला. 'माझ्या निर्णयक्षमतेवर माझा विश्वास उरलेला नसल्याने' असं त्यात लिहिलं होतं. त्यानं खण ओढला, मला बाहेर काढलं. पेटी न्यायला अजून कुणी आलं नव्हतं. त्यानं ती उघडली आणि मला शेजारी ठेवलं.

ताई बघत राहिली. तिनं स्वतःच्या बोटानं मला मागे सारलं, पुढे सारलं. दुमडलेलं झाकण उघडलं, मिटलं. तिला समजावून सांगायची गरजच नव्हती.

"कधी कळलं तुला?"

"अकरा दिवस झाले."

"अकरा दिवस!" ताईनं टेबलावर अशी थाप मारली की सगळ्या सुया उडाल्या. "अकरा दिवस तू माझ्या हातचा डबा खात होतास? मी रोज इथं येऊन तुझी माफी मागत होते रे, आणि तू म्हणत होतास, जाऊ दे?"

"मीच निवडलं होतं ताई हे. तू हलकं घेत होतीस. मी..." पन्नाशीचा तो माणूस बाही डोळ्यांना लावून रडला.

बाहेर एक बस सुटली. मग ताई म्हणाली, "दुकानदार चुंबक म्हणाला तेव्हा मी कुठं होते? तुझ्या शेजारीच होते. मी किल्ल्या काढल्या, चाकू काढला, आणि हातातल्या वस्तूला विचारलंच नाही." तिनं नाक पुसलं. "आणि वाऱ्याचं तू सांगितलं होतंस. ते मात्र माझंच चुकलं. ते मी कुणाला देणार नाही."

मग तिनं पिशवीतून पेन्सिल काढली. मला टेबलाच्या टोकाला नेलं आणि बोट-बोट पुढे सरकवत आणलं. सुई किती बहकते ते बघायचं आणि जवळच्या कागदावर आकडा लिहायचा. दीड वर्षात पहिल्यांदा ती एकदाच मोजत होती. कागद भरला तेव्हा धाकट्याच्या लक्षात आलं.

"ताई, तो राजीनामा आहे."

तिनं कागद उलटा करून पाहिला. "असू दे. पुन्हा लिहीन, घाई काय आहे?" आणि मग डब्याचं झाकण लावत म्हणाली, "उद्यापासून मी डबा आणणार नाही. उद्या तू माझ्याकडे जेवायला ये. चालत ये."

मित्रांनो, त्या गोष्टीला आता काही वर्षं झाली. मी ताईच्या कचेरीत असतो. खात्यात नवी माणसं शिकायला येतात तेव्हा पहिल्याच दिवशी ती मला पितळी होकायंत्राशेजारी ठेवते. म्हणते, "हे कव्हर उत्तम आहे. यानं फोन वाचवला आणि आम्हाला वाट चुकवली." धाकटाही कधी कधी येतो. जिन्यावर त्याचं एक पाऊल वाजतं, दुसरं ओढत येतं. मी त्याला लांबूनच ओळखतो आणि मला तोंड लपवायला जागा नसते.

तुम्ही लांबच्या वाटेला निघाल आणि माझ्यासारखं एखादं निवडाल, तेव्हा ते उंचावरून टाकून बघाच. पण घरी आल्यावर ते चढवून, जसं वाटेत धरणार तसंच धरून, आतल्याला एकदा दिशा विचारा. कुणाची काळजी घेता तेव्हा आपण त्याला किती घट्ट धरलंय एवढंच बघू नका, आपल्यामुळे त्याला काय दिसेनासं झालंय तेही बघा. मी ते बघितलं नाही. मला त्याचं आपल्याकडे ओढलं जाणं गोड वाटलं.

नवी माणसं टेबलाभोवती गोळा होतात, ताई मला हळूहळू पुढे सरकवते. दर वेळी मला वाटतं, या खेपेला तरी सुई हलू नये. ती हलते.